तांबडी कळी

बाबांचा हात देवाच्या खांद्यापाशी जाऊन थांबला. चिमटीत तांबडी कळी होती. गाभाऱ्याच्या दाराशी मी आईच्या मागे उभी होते. सगळं गाव सभामंडपात मांडी घालून बसलेलं, बाहेर वैशाखाचं ऊन, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन बोटांच्या चिमटीत. लावा ना बाबा ती एकदाची, असं मी मनात म्हणत होते. पण हात तिथेच.

आमचं घर गुरवाचं. गावच्या रवळनाथाची पूजाअर्चा, दिवाबत्ती आणि कौल आमच्याकडे. कौल काय असतो ते ठाऊक नसेल त्याला सांगते. लग्न असो, विहीर खणायची असो की भावाभावांत बांधाचं भांडण असो, आमच्याकडे अडलेली गोष्ट देवाला विचारतात. गुरव दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दगडी मूर्तीला चिकटवतो. आमच्या गावात उजव्या खांद्याला पिटकुळीच्या झुडपाची तांबडी कळी आणि डाव्याला पांढरी. गावचा मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सांगतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. पाणी सुकत जातं तशी कळी सुटते. तांबडी आधी पडली तर देव हो म्हणाला. पांढरी पडली तर नको म्हणाला. पुढे त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

आणि गुणाजी गुरवाचा, म्हणजे माझ्या बाबांचा, कौल तर पंचक्रोशीत नावाजलेला. कौलाच्या दिवशी ते चहासुद्धा घेत नसत. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाने जमिनीचा प्रश्न लावला. कौल त्याच्या विरुद्ध गेला, तो बाबांशी मरेपर्यंत बोलला नाही, आणि बाबांनी त्याचं वाईट वाटून घेतलं तरी कौलाबद्दल कधी हळहळ केली नाही. "हात माझो, पण बोलणारो तो," एवढंच म्हणायचे.

त्या दिवशीचा प्रश्न आमच्याच घरातला होता. म्हणजे माझा.

घर आणि घराखालची जमीन सेवेची. सेवा आहे तोवर घर. बाबांच्या मागे ती करायला मुलगा हवा, आणि घरात मी एकटी. माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले होते. दोघेही जन्मतानाच गेले. दुसऱ्या वेळी आईसुद्धा जायची ती वाचली. मग बाबांनी आपल्या परीने पुढचं सगळं आखून ठेवलं. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून त्यांनी पलीकडच्या वाडीतला वामन हेरून ठेवला होता. गुरवाचाच मुलगा, थोरल्या भावंडांच्या रांगेत धाकटा, स्वभावाने गरीब. त्याला घरजावई करून घ्यायचं, सेवा त्याच्या हाती द्यायची, घर राहतं, मुलगी डोळ्यांसमोर राहते. त्याला पूजा त्यांनीच शिकवली होती. परसातले दोन फणससुद्धा आमच्या खोलीच्या वाशांसाठी म्हणून राखून ठेवलेले. खोटं कशाला बोलू, वामन वाईट नव्हता. पण मला तो नको होता. खरं तर तेव्हा मला कुणीच नको होतं. मला रत्नागिरीला जायचं होतं.

हे खूळ आईचं. तिने कधी वादावादी केली नाही, नुसतं मला दहावीपर्यंत तालुक्याच्या शाळेत घातलं आणि नंतर आरोग्य केंद्रातल्या कदमबाईंकडे मदतीला धाडलं. कदमबाई नर्स. त्यांनीच माझा नर्सिंगच्या कोर्सचा अर्ज भरून घेतला. निवड झाल्याचं कळलं तेव्हा बाबा ओटीवर केळीच्या सोपाचे, म्हणजे सुकलेल्या सालींचे, दोर वळत बसले होते.

"शिकान काय करतली?" त्यांनी विचारलं.

"नर्स होतली," आई म्हणाली.

"आणि सेवा?"

"सेवा सखारामाक जाईत." सखाराम म्हणजे बाबांचा चुलतभाऊ.

"आणि घर?"

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. बाबांनी दोर खाली ठेवला. "गो, मी काय तिचा वाईट चिंतलंय? पोरीचा संसार, तुझा म्हातारपण, देवाची सेवा, सगळा एका छपराखाली. इतकी वर्षां मी ह्याच्यासाठीच खपलंय."

"माका ठावक आसा."

"मग?"

आई चुलीपाशी बसली होती. ती उठली आणि ओटीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मला तिचा तो चेहरा अजून दिसतो. "माझे दोन झील गेले, तेव्हा तुमी गाभाऱ्यात होतात," ती म्हणाली. "नारळ ठेवन बसलेलात. मी तुमका कधी बोल लावलंय? पण त्या येळाक देव उठान येवक नाय. एक शिकलेली बाय माझ्या उशाशी आसती, तर आज सेवेक दोन झील आसते, आणि ह्या घरजावयाचा खटला करूची पाळीच येती ना."

बाबांनी दोर पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "देवाची इच्छा होती ती."

"मग पोर पास झाली, ती कोणाची इच्छा?"

ज्या गोष्टीवर उत्तर नसेल तिचं ते जे करायचे तेच त्यांनी केलं. म्हणाले, "देवाक इचारुया."

"तिका इचारा," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"सेवा माझी नाय आणि तिचीय नाय. देवाची आसा. तो सोड म्हणालो तर मी सोडतलंय. डावो कौल इलो तर पोर रत्नागिरीक जाता, मी स्वता ट्रंक उचलतलंय. पण उजवो इलो तर तू परत ह्यो विषय काढूचो नाय. कबूल?"

मला वाटलं, आता आई भडकणार. पण तिने पदर खोचला आणि म्हणाली, "कबूल." इतक्या चटकन की मला तिचा राग आला. माझ्यासाठी एवढी भांडणारी बाई, आणि शेवटी मला दोन कळ्यांवर सोडून मोकळी झाली. त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही.

कौल ठरला तो नेमका माझ्या जाण्याच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला हजर व्हायचं होतं आणि आमच्या फाट्यावर दुपारची एकच एसटी यायची. ट्रंक भरून ठेवली होती. तीच ट्रंक उद्या लग्नाच्या साड्यांना वापरायची का, ते देव ठरवणार होता. सकाळी उठून बघते तर आई परसात विळी घेऊन फणस कापत बसलेली. कच्चा फणस, भाजीचा. चीक नुसता भळाभळा वाहत होता.

"आये, आज फणस कसलो कापतंस?" मी वैतागून म्हटलं. "माझो जीव थाऱ्यार नाय, आणि तुका भाजी सुचता."

"माणसां घराक येतली. काय तरी घालूक नको पानात?" ती म्हणाली. तिने वर बघितलंसुद्धा नाही. "जा, न्हाव जा. तुझ्या बापाशीक फुलां मी देतंय."

रोजची फुलं खरं तर मी काढायची. पण त्या दिवशी मला हातच लावावासा वाटेना, म्हणून मी हुज्जत घातली नाही. बाबा सोवळ्याने निघाले तेव्हा आईने तांब्याचं ताट त्यांच्या हातात दिलं. जास्वंद, झेंडूची माळ, आणि एका कडेला कळ्या.

देवळात गाव लोटलं होतं. सेवेचा प्रश्न म्हणजे गावाचा प्रश्न, शिवाय आमच्या घरात काय चाललंय त्याची कुणकुण सगळ्यांना होतीच. वामन पुढच्या रांगेत बसला होता, केसांना तेल चोपडून. मानकरी बापू राऊळ उठले. पांढरा फेटा, आवाज खणखणीत, गावचा त्यांच्यावर भरवसा.

"गुणाजी," ते म्हणाले, "मामलो तुझ्या घरचो. होया तर शेजारच्या गावचो गुरव हाडूया. तो कळे लावीत. मागसून कोणी बोलूक नको."

"तुमचो माझ्यार इश्वास नाय?" बाबांनी विचारलं.

"गावाचो आसा. तुझो तुझ्यार आसा काय, ता सांग."

"आसा," बाबा म्हणाले.

मग बापूंनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सगळा मंडप एका सुरात म्हणाला.

"तुझो सेवेकरी गुणाजी गुरव आज तुझ्या पायाकडे इलोसा, म्हाराजा. त्याका झील नाय. चेडवाचा लगीन वामनाशी लावन, जावय घरात घेवन, तुझी सेवा त्याच घरात ऱ्हवची, असा तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी. तसा नसात तर डावो दी. काय ता रोखठोक सांग, लेकरांका घोळात घालू नको, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

बाबांनी ताटातली तांबडी कळी उचलली, पाण्यात बुडवली आणि हात देवाच्या उजव्या खांद्याकडे नेला. आणि तो तिथे थांबला, तिथूनच मी सांगायला सुरुवात केली.

किती वेळ थांबला कोण जाणे. बाबांनी बोटांकडे बघितलं. मग मान वळवून दाराकडे बघितलं. मला वाटलं, माझ्याकडे बघतायत. मी हात जोडले, काय मागत होते देव जाणे, माझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यापुढे आईने दाराची चौकट घट्ट धरली होती. ताटात आणखी कळ्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. बापू राऊळ खाकरले.

मग बाबांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि देवाचा उजवा खांदा पुसला. नीट, हळूहळू, कोरडा होईपर्यंत. आणि त्याच्यावर तांबडी कळी ठेवून अंगठ्याने दाबली. पांढरी पाण्यात बुडवून डाव्या खांद्याला लावली. मग बाजूला होऊन बसले.

नेहमी ते कळ्यांवर नजर लावून बसत. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, झालं, आता ते तांबडीसाठी देवाची आळवणी करणार, आणि देव त्यांचं ऐकणार. जन्मभर ज्याने दुसरं काही मागितलं नाही त्याला देव नाही कसा म्हणेल? मला ती भरलेली ट्रंक दिसत होती आणि वाटत होतं, जाऊन ती उघडावी आणि आपल्याच हाताने रिकामी करावी.

कळ्या हलेनात. समईच्या ज्योती सरळ उभ्या. मंडपात कुणीतरी पंख्यासारखा टॉवेल हलवत होतं, त्याला बापूंनी डोळ्यांनी दटावलं. वारा नको. वामन तांबड्या कळीकडे टक लावून बसला होता. बापूंनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा "होय म्हाराजा" झालं. ऊन मंडपाच्या पायरीवरून आत सरकलं. एसटीची वेळ जवळ येत चालली होती आणि एसटीचं नाव काढायची माझी छाती नव्हती.

"देव आज बोलणा नाय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"बोलतलो," बापू म्हणाले. "गप ऱ्हवा."

तेवढ्यात पांढरी कळी हलली. ती जराशी घसरली, थांबली, खांद्यावरून अर्धी लोंबली, आणि पडली.

तांबडी आपल्या जागी होती तशीच.

"डावो," बापू राऊळ शेवटी म्हणाले. "देवाच्या मनात नाय. पोर जाता." त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मंडपातल्या सगळ्यांनी लावला. वामन उठला, देवाला नमस्कार केला, बाबांना केला आणि खाली मान घालून निघून गेला. मला त्याची दया आली, पण खोटं नाही सांगत, आनंदापुढे ती फार टिकली नाही.

उरलेली कळी गुरवाने काढून विचारणाऱ्याच्या हातात द्यायची अशी रीत. बाबांनी ती काढली नाही. ताटातली झेंडूची माळ उचलून त्यांनी देवाच्या गळ्यात घातली, आणि ती कळी माळेखाली गेली. मी म्हटलं, बिचारे भान हरपून बसलेत.

फाट्यापर्यंत ट्रंक त्यांनीच डोक्यावरून आणली, शब्दाला जागले. सबंध वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र तोंडाला येईल ते बडबडत होते. एसटीची धूळ दिसली तेव्हा मला म्हणाले, "नीट ऱ्हव. शिकतलंस ता धड शीक." मग आईकडे वळले. तिच्या हातांकडे बघून म्हणाले, "घराक गेल्यार हाताक तेल लाव गो. चीक सुकलो तर निघाचो नाय."

आईने हात पदराखाली घेतले. एवढ्या मोठ्या प्रसंगात ह्यांना फणसाचा चीक दिसतो, असं मनात येऊन मला हसू आलं. मी गाडीत चढले.

चतुर्थीला सुटीत आले तेव्हा गाभाऱ्यात सखारामकाका होते. बाबा देवळाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेले. घर सोडून दोघं वाडीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायला गेली होती. मी हादरलेच.

"सेवा तुमच्या मागसून जावची होती," मी म्हटलं. "तुमी हयात आसताना कित्याक सोडलात?"

"गुडघे धरले," बाबा म्हणाले. "गाभाऱ्यात बसवना नाय."

मी ते खरं मानलं. इतकंच नाही, पुढे नर्स झाल्यावर मी त्यांना गुडघ्यांच्या गोळ्या आणून द्यायची, तेल चोळून द्यायची. ते निमूटपणे घ्यायचे. ह्याच गुडघ्यांनी ते दुसऱ्यांच्या बागांत पाणी शिपायचे, डोक्यावर नारळाचा भारा घेऊन घाटी चढायचे, ते मला दिसत होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट राग यायचा. देवाने सेवा वामनाला नको म्हटलं होतं, बाबांना नव्हे. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

माझी नेमणूक पुढे आमच्याच तालुक्याला झाली. वामनाचं लग्न दुसरीकडे झालं होतं. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण अडलं ते माझ्याच हाताने सुटलं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी घरी आले की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "सगळी सुखरूप?" मी हो म्हटलं की चपला घालून देवळाकडे जायचे. वर चढायचे नाहीत. खालच्या पायरीपाशी उभे राहून हात जोडायचे, ओठ हलवायचे आणि परत यायचे. अखेरपर्यंत त्यांनी तो उंबरा ओलांडला नाही.

ते गेल्यावर मी आईला माझ्या क्वार्टरमध्ये आणलं. एका रविवारी मी विळीवर फणस कापत बसले होते. आई भिंतीला टेकून बघत होती. माझे दोन्ही हात चिकाने बरबटले होते आणि बोटं एकमेकांना चिकटत होती.

"पाण्यान निघाचो नाय," आई म्हणाली. "म्हणान तर मी त्या कळयेक लावलंय."

मी विळीवरून उठले. "खयच्या कळयेक?"

"तांबड्या." तिने खिडकीबाहेर बघितलं. "वर ठेवलेल्या एकाच कळयेक थेंबभर लावलेलंय. म्हटलंय, पाप लागात ता माका लागांदे. पोर तरी सुटात."

मी जमिनीवर बसले. मग एकदम तो थांबलेला हात डोळ्यांसमोर आला, बोटांकडे बघणारे बाबा, दाराकडे वळलेली मान. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते आईकडे बघत होते. आणि ताटात दुसऱ्या कळ्या होत्या.

"बाबांका कळला?"

"बोटांक लागल्यार कळाचा नाय? जल्मभर कळे लावल्यानी." आईने तेलाची वाटी खाली घेतली. "माका वाटला, आता ते कळी टाकतले आणि दुसरी घेतले. नायतर सगळ्या गावासमोर माझा नाव घेतले. मी चौकट धरून उभी होतंय. तर त्यांनी पंचो घेतल्यानी."

ओल्या दगडाला चीक धरत नाही. बाबांनी खांदा कोरडा होईपर्यंत पुसला होता. मी ते पाहिलं होतं, सगळ्या गावाने पाहिलं होतं, आणि सगळ्यांना ती भक्ती वाटली होती.

"म्हणजे गुडघे..."

"गुडघ्यांक काय धाड भरलेली? दुसऱ्याच दिवशी बापू राऊळाक किल्ली नेवन दिल्यानी. माझो हात आता देवाक लावचो नाय, इतक्याच म्हटल्यानी. कोणाक कारण सांगूक नाय." तिने डोळे पुसले. "मी किती येळा सांगलंय, अवो, चीक माझो, पाप माझा, तुमी कित्याक भायर बसतास? तुमी जावा भितर. देव माका काय ती शिक्षा करीत. तर गप ऱ्हवत. एकदाच बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, चीक तू लावलंस. दगड मी पुसलंय."

चुलीवरचं आधण उकळत होतं, ते उतरवायलाही मला उठता येईना. आईने तेलाची वाटी पुढे ओढली, माझे हात आपल्या मांडीवर घेतले आणि एकेक बोट चोळायला लागली.